ठावठिकाणा

कुतैसीच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
शवागाराच्या अलीकडची खोली माझी.
एक टेलिफोन, एक हीटर, चौदा वर्षांच्या वह्या.
निदानाची तारीख उलटून वर्ष झालं की
नंबर फिरवायचा आणि विचारायचं:
आहेत का?

एवढंच.
कसे आहेत, याला रकाना नाही.

जिवंत. मृत. ठावठिकाणा नाही.
वरच्या मजल्यावर इर्मा बाई याची रेघ काढतात.
डावीकडे सगळे एका उंचीवर,
मग कुणी गेलं की रेघ एक पायरी उतरते.
ज्यांचा फोन लागत नाही
त्यांच्यासाठी रेघेवर एक बारीक उभी खूण,
चौकटीपाशी पोराची उंची मापून
नखानं ओढावी तशी.
"ही माणसं इथवर होती," बाई म्हणतात,
"पुढचं आपण बोलायचं नाही."

पोलंडला गेलेले, सिमकार्ड बदललेले,
विकलेल्या घरात आता दुसऱ्याच कुणाची न्याहारी चाललेली.
एकेका वर्षाची रेघ
काटेरी तारेसारखी दिसते.

वार्लामचा फोन मात्र लागायचा.
उचलायची त्सियाला, त्याची बायको.
"आहे ना. मळ्यात आहे."
पहिल्या वर्षी मळ्यात. दुसऱ्या वर्षी मळ्यात.
तिसऱ्या फेब्रुवारीत गुडघाभर बर्फ,
तरी मळ्यात.

जठराचा होता. तिसरा टप्पा.
असं बोलणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत,
माझ्या आईनं बाबांचे बूट
ते गेल्यावर सहा वर्षं पुसले.
मी "जिवंत" लिहिलं,
पण पेन्सिलीनं.

चौथ्या वर्षी स्वतःच गेले.
वडापनं दोन तास, पुढं चिखल.
वाटेत वाक्यं जुळवत होते,
भिंतीवर फोटो असेल, त्याला काळी फीत असेल,
आणि मी वही कशी उघडणार.

त्सियालानं काही न बोलता
परसाकडं बोट केलं.

मळ्यात होता.
वाळुंजाच्या काड्यांनी वेली बांधत,
टोपी कानांवर, अंगानं निम्मा,
ठार बहिरा आणि चिडलेला:
"फोनवर येऊन काय करू? ऐकू येत नाही मला!"

मग म्हणाला, "कधीपासून मोजता तुम्ही?"
ओरडून सांगितलं, निदान झालं तो दिवस शून्य.
"शून्य?"
त्यानं काडी दातात धरली, गाठ मारली.
"एकसष्ट वर्षांचा होतो मी त्या दिवशी.
ही सगळी रांग लावून झाली होती."

आणखी दोन वेली बांधून झाल्यावर:
"त्या खोलीत सहा खाटा होत्या. बाकीचे?"

नावं मला पाठ होती.
पण बहिऱ्या माणसाला
कुठलीच गोष्ट हळू सांगता येत नाही.
त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं,
टोपी काढली,
वारा होता म्हणून पुन्हा घातली.

निघताना अक्रोड दिले, पिशवीभर.
"पुढच्या खेपेला द्राक्षं उतरतात तेव्हा ये,
फेब्रुवारीत काय खाशील इथं?"
तारीख बदलता येत नाही, मी म्हटलं.
ऐकलं नसावं त्यानं.

वडापमध्ये मांडीवर वही ठेवून
शाईनं गिरवलं. अक्षर हललं जरा.
पुढचं नाव त्याच पानावर होतं.
फोन लावला.
एक बाई कोरड्या आवाजात म्हणाली,
हा क्रमांक अस्तित्वात नाही.

क्रमांक, असं म्हणाली ती.

मी खूण केली.
बारीक.
उभी.