सातच्या ठोक्याला

आधी पाणी.
वाडगं दिवसातून तीनदा कोरडं पडायला लागलं.
म्हटलं, जानेवारी आहे, मोंतेविदेओचा उन्हाळा,
पितोय तर पिऊ दे.
मग एका सकाळी ओबिस्पो कपाटावर उडी मारायला गेला
आणि अर्ध्यात विचार बदलल्यासारखा खाली बसला,
मागचे पाय टाचेपर्यंत फरशीला टेकवून.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर. चारशे साठ.
मी म्हटलं, यानं जन्मात गोड खाल्लेलं नाही.
त्या म्हणाल्या, प्रश्न तो नाही.
आधी खाणं, मग सुई.
बारा तासांनी परत.

मी बस चालवतो.
सकाळचे सात माझ्या हातातले,
संध्याकाळच्या सातला मी सेर्रोच्या चढावर असतो
चाळीस उभ्या माणसांसकट.
शेजारी एल्बिया.
तिच्या न्हाणीघराची ओल माझ्या छतात उतरल्यापासून
चार वर्षं आम्ही जिन्यात एकमेकांकडे पाहिलेलं नाही.
मी दार वाजवलं. मांजराचं सांगितलं.
शर्टांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढलेली बाई,
एवढंच म्हणाली, सुई किती जाडीची?

फ्रिजवर एक वही टांगली.
सकाळ ३१२. एक युनिट. खाल्लं.
संध्याकाळ २८८. एक. खाल्लं, उपकार केल्यासारखं.
सकाळ ३०१. एक.
संध्याकाळ २४०. कान गार, थेंब येईना.
मोज्यात तांदूळ भरून गरम केला, कानाला धरला.
मिल्टन, तुझे मोजे फाटके आहेत.
सकाळ २५५. एक. नवे मोजे घेतले.
संध्याकाळ. बाटली हातात हळू फिरवायची.
घुसळायची नाही. कुणी सांगितलं तुला घुसळायला?

तो आता कान स्वतः पुढे करायचा.
मानेच्या मागे कातडीचा छोटासा तंबू,
त्यात सुई,
आणि तोंड वाटीतच.
कळायचंही नाही त्याला.
मला कळायचं.

ऑगस्टात संप झाला.
मी साडेसहालाच घरी.
ओबिस्पो दारात, म्हटलं, आज मीच देतो.
दिली. लिहिली नाही.
वही दोन पावलांवर होती
आणि मी किटली ठेवायला गेलो, मग मातेची पानं संपलेली,
कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो.
सात वाजता एल्बिया आपल्या किल्लीनं आत आली,
वही पाहिली, रिकामी ओळ,
मोजलं, दिली, लिहिली.

नऊला तो भिंतीला धरून चालत होता.
दहाला चालत नव्हता.
अडतीस.
डॉक्टरीणबाई फोनवर: मध. हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका.
पंधरा मिनिटांनी मोजा. सुधारला नाही तर तसाच उचलून आणा.
एल्बियाचं बोट त्याच्या गालात,
माझ्या हातात यंत्र, आणि हात असा
की पहिल्या दोन पट्ट्या वाया.
एक्केचाळीस.
मी म्हटलं, मी लिहिलं नाही.
ती म्हणाली, मी विचारलं नाही.
मध बाहीपर्यंत आलेला.
त्रेपन्न.
मग पुष्कळ वेळ कुणीच काही बोललं नाही.
एकदा तिनं वर पाहिलं, छताकडे,
तो पिवळा डाग, आता गाडीच्या चाकाएवढा.
एवढा मोठा आहे? म्हणाली.
एकसष्ट.
मी म्हटलं, खालून बघावा लागतो.

पहाटे दोनला त्यानं एल्बियाचं बोट चावलं.
ती ओरडली. मग हसली.
मग त्यानं खाल्लं, घाईघाईनं,
बोलावलेल्या पाहुण्यासारखं नाही,
संप मिटल्यावर पहिल्या बसमध्ये चढणाऱ्या माणसासारखं.

वहीत त्या सकाळचं अक्षर माझं आहे.
सकाळ ३२०. डॉक्टरीणबाईंना विचारलं. आज सकाळी द्यायची नाही.
खाल्लं.
खुर्चीत झोपली आहे, बोटाला पट्टी, अंगावर माझा कोट.
खाल्लेलं नाही. उठली की विचारणार.