दोन पुरावे

साध्या प्रश्नाचे साडेतीनशे मिळतात,
शेवटच्याचे दोन हजार.
शेवटचा म्हणजे पन्नास लाखांचा,
जो कुणालाच येऊ नये,
पण उत्तर ऐकल्यावर ज्याला त्याला वाटावं,
हात्तिच्या, हे तर आपल्याला यायलाच पाहिजे होतं.

सेलूत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत,
दुपारी पट्टा थांबतो तेवढ्या वेळात
विटा पाडाव्यात तसे मी प्रश्न पाडतो.
प्रश्नाचं काही नाही.
जीव जातो तो तीन खोट्या उत्तरांत.
खोट्याला खऱ्याइतकंच वजन लागतं,
तेवढीच अक्षरं, तोच काळ, तीच पंचक्रोशी.
एक घाईतल्यासाठी,
एक फक्त शहाण्याला फसवणारं,
आणि एक उगीच,
पिशवीच्या तळाला ढकललेल्या नासक्या बटाट्यासारखं.
अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला,
एवढं मन लावून कधी खोटं बोललो नव्हतो.

मुंबईत हे सगळं तपासायला एक बाई आहेत,
आडनावही तपासनीसच.
'मास्तर, सोर्स?'
दोन लागतात. छापील.

बारवेला पायऱ्या किती, हा प्रश्न परत आला.
उतरताना एक आकडा येतो, चढताना दुसरा,
आणि तळाच्या तीन दिसतात
उन्हाळा कडक असेल तरच.
'मास्तर, उत्तर हवामानावर अवलंबून नको.'

मग हा सुचला:
आमच्या स्टेशनातून शेवटची मीटरगेज सुटली
तेव्हा हिरवी झेंडी कुणी दाखवली?
मी होतो तिथं. खाजाभाईंनी.
'सोर्स?'
'स्वतः खाजाभाई. पाण्याच्या टाकीमागं राहतात.'
'जिवंत माणूस चालत नाही, मास्तर.'

म्हणून वाचकांच्या पत्रव्यवहाराला लिहिलं,
चांगलं सव्वा पान,
झेंडीच्या दांडीला सुतळी गुंडाळली होती इथपर्यंत.
त्यांनी चार ओळी छापल्या.
'खा'चा 'रा' झाला.
राजाभाई.
खुलासा पाठवला, त्याला जागा मिळाली नाही.
पुढच्या महिन्यात नगरपालिकेची स्मरणिका निघाली,
तिच्यात पेपरातलंच उतरवलेलं:
राजाभाई.
झाले दोन.

बाई खूश.
माझा पंखा जळालेला होता, मे महिना होता,
कारणं सांगायची तर आणखीही आहेत.
पर्याय लिहायला बसलो.
गणपतराव. बशीरभाई. राजाभाई, हे बरोबर.
आणि शहाण्याला फसवणारं?
हात थोडा थांबला, मग लिहिलं:
खाजाभाई.
इतकं चोख खोटं मला पुन्हा जमणार नाही.

त्यांना सांगून टाकलं.
बिडी चपलेखाली चिरडत म्हणाले,
'हौ मास्तर, राजा बोले तो भी
झंडी लेको मैंच खडा था ना.'

खुर्चीत बसलेली ती पूर्णेची निघाली.
सरकारी दवाखान्यात नर्स, करुणा दुधमल.
चौदा प्रश्न तिनं अडखळत, ओठ चावत काढले,
पंधराव्याला हसली.
चौथा पर्याय पुरता वाचूही दिला नाही.
'खाजाभाई.'
नक्की?
'नक्की म्हणजे काय.'

लाल पट्टी.
पन्नास लाखांची ती तीन लाखांवर आली.
खाली कुणाची तरी ज्वारी दळली जात होती,
टीव्हीच्या काचेवर पीठ बसत होतं,
मी ते पुसलं नाही.

सकाळी बाईंना फोन लावला.
म्हणलं, उत्तर चुकलंय. तिचं नाही, आपलं.
'मास्तर, सोर्स?'

दुपारी खाजाभाई आले,
पहिल्यांदाच हा जिना चढून, धापा टाकत.
पैशाचं एक अक्षर काढलं नाही.
'वो बच्ची को कैसा मालूम, मास्तर?
पूर्णे में तो मेरा कोई नै.'

ते गेल्यावर वही उघडली.
सवयीनं क्रमांक टाकला, लिहिलं:
त्या मुलीला कसं ठाऊक?
खाली चार मोकळ्या रेघा.
तीन खोटी उत्तरं लगेच सुचली.