क्ल्यू उपसागरातली खानेसुमारी

वर्षाचे दिवस जितके, तितकी बेटं,
असं इथं शाळेत जायच्या आधीच शिकवतात.
मी नकाशावर बोट ठेवून मोजली एकदा,
शंभराच्या जरा पुढं जाऊन संपली.
"भरतीला मोजली असशील," फेस्टस म्हणाला
आणि त्यानं दोर सोडला.

एप्रिलातला सोमवार. पिशवीत सरकारी अर्ज,
प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले.
पायाशी दोन मेंढ्या, पाय बांधलेल्या,
त्यांच्या डोळ्यांत माझ्यापेक्षा कमी भीती.
नाव निळी, पण निम्मीच.
उरलेली निम्मी येत्या उन्हाळ्यात रंगवणार आहे,
असं तो गेली नऊ वर्षं सांगतो.

या टेकड्या बर्फानं केल्या, एवढं मी वाचलंय.
सरकत जाताना त्यानं मागं टाकलेले मातीचे उंडे;
मग समुद्र आत शिरला
आणि सगळे कमरेपर्यंत बुडाले.
पूर्वेकडून पाहिलं तर हिरवी गाय रवंथ करत बसलेली,
पश्चिमेकडून पाहिलं तर भाकरीचा कोर,
अटलांटिकनं दातानं तोडलेला.

फेस्टसला बर्फ मान्य नाही.
त्याच्या आत्याकडं म्हातारी होती,
हिवाळ्याची मालकीण, घोड्याएवढ्या टाचांची.
ओच्यात माती भरून निघाली ती
समुद्रात स्वतःचा डोंगर रचायला.
पलीकडच्या शिखरावर साधूनं घंटा वाजवली,
ती दचकली, ओचा सुटला.
"म्हणून बेटं अशी सांडल्यासारखी.
बर्फ कशाला दचकेल?"

ऊन कलतं झालं की
उतारांवर बटाट्याचे वाफे उमटतात,
बरगड्यांसारखे.
त्या सालापासून कुणी खणले नाहीत.
तेव्हा कुठल्या बेटावर किती चुली होत्या
ते लिहून ठेवलं होतं म्हणतात,
माझ्यासारख्याच कुणीतरी, नावेतून हिंडून.
ते कागद पुढं डब्लिनला आगीत गेले.
माणसं भुकेनं खाल्ली,
माणसांची मोजणी जाळानं.

डीलिया एक्याऐंशीची. बेटावर ती एकटी.
(डीलिया हे नाव खरं नाही,
मी गुप्ततेची शपथ घेतलेली आहे.)
चहा इतका काळा की चमचा उभा राहावा.
रविवारी रात्री या घरात कोण होतं?
"मी. कुत्रा. रेडिओवरचा बातम्या देणारा."
घरचं कुणी गैरहजर?
तिनं चष्मा पुसला, अर्ज स्वतःकडं ओढला.
मॅलकी, क्लीव्हलंडला, रस्त्यावर डांबर ओततो. ओतायचा.
ऑनर, कॉव्हेंट्रीत, रात्रपाळीची नर्स.
तिची मुलं, ज्यांना हे बेट कुठल्या बाजूला ते माहीत नाही.
रकाने संपले. तिनं समासात लिहायला घेतलं.
मी म्हटलं, ऑस्टिन?
कारण भिंतीवर त्याचा फोटो होता, ओठांवर मिसरूड.

"ऑस्टिन गैरहजर नाही," ती म्हणाली.
"तो त्या खडकाच्या अलीकडंच आहे.
पोहता येत नव्हतं. इथं कुणी शिकायचं नाही.
शिकलं की जास्त वेळ लागतो."

मेंढ्या सोडल्या. एक लगेच चढून गेली,
दुसरी पाण्याच्या कडेला उभी,
नावेकडं बघत.

परतताना ओहोटी होती, खूप खोल.
कालव्यांचा वास, उघडा पडलेला चिखल.
फेस्टसनं इंजिन बंद केलं.
पाण्यातून एक काळी पाठ वर आलेली,
ओली, शेवाळानं केसाळ,
चार माणसं जेमतेम उभी राहतील एवढी.
"हे लीप वर्षाचं," तो म्हणाला.
"मोज."

नियम असा की एकही रकाना कोरा सोडायचा नाही.
मी पेन्सिल काढली.
पुढं काय लिहिलं ते सांगता येत नाही,
शपथेचा कागद ऑफिसात आहे, खाली माझी सही.
फेस्टस दुसरीकडं बघत होता.
पाणी परत चढायला लागलं होतं.