पेव

फोनमधली ती
नेहमी कोपऱ्यात बसलेली असते,
गुडघ्यांत डोकं, केस पुढं,
मागची भिंत निळसर.
चेहरा नसतो तिला, नखं मात्र रंगवलेली.
आठवडाभरानं तीच वाघीण होते,
मग डोंगरमाथ्यावर हात पसरून ऊन पिते.
मधले दिवस कुठं गेले
कुणी विचारत नाही.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात
हळदीच्या सौद्यांच्या पावत्या फाडते.
पिवळी बोटं घेऊन संध्याकाळी
स्कूटीवरून विश्रामबागेला येते.
फ्लॉवर घेते, पाच रुपयांसाठी भांडते.
परवा प्रज्वलाच्या डोहाळजेवणात
उखाणा विसरलेल्या वहिनीला इतकी हसले
की मागून आवाज आला,
"हिच्याकडं बघून वाटत नाही, नाही का?"

रात्री त्या निळसर भिंतीला
मी स्वतःला लावून बघितलं.
माप बसेना.
हसले म्हणजे खोटी पडले का मी?
आणि रडले नाही ती अकरा वर्षं
कुणाच्या खात्यावर मांडायची?

खरं सांगायचं तर त्याच फोनात
एकदा रात्री दोन वाजता
कोण कुठली बाई लिहून गेली होती :
'मला अजून दाराकडं पाठ करून जेवता येत नाही.'
बस, एवढंच.
खाली सल्ला नव्हता, फूल नव्हतं.
मी उठून स्वयंपाकघरात गेले,
दिवा लावला,
आपण रोज कुठं बसतो ते बघून आले.
तोंड दाराकडं.

आक्कव्वाच्या सासऱ्याची हरिपुरात पेवं होती.
जमिनीच्या पोटात हळद, म्हणते,
वर्षानुवर्षं. कीड नाही, रंग तस्साच.
पण तोंड उघडलं की लगेच उतरायचं नाही.
आतली हवा कोंडलेली असते.
दोरीनं कंदील सोडायचा.
विझला की वर ओढायचा,
आणि तंबाखू मळत बसायचं कडेला,
दिवस गेला तरी.
"आणि घाई केली तर?"
"केलती एकानं,"
एवढं म्हणाली, आणि सुपारी कातरत राहिली.

आज पुन्हा कुणीतरी पाठवलंय :
बोल, मोकळी हो, सात पायऱ्या.
खाली उगवता सूर्य.
फोन पालथा ठेवलाय मी.
कंदील आत आहे, दोरी हातात.
वात बारीक होते,
पुन्हा धरते.

उद्या सौदे साडेदहाला.