कान वाजतात

रात्री तीनला भोंगा होतो.
मातोझिन्योशच्या बंदरावर आता
भोंगाच उरलेला नाही;
कारखान्याच्या जागी काचेची इमारत,
खाली कुत्र्यांचे केस कापायचं दुकान.
तरी तीनला होतो,
आधी डाव्या कानात, मग उजव्या,
आणि मी उठून बसते.
पाय चपला शोधतात.
होड्या आल्या असणार,
सार्डिन थांबत नाही कुणासाठी.

पहिल्यांदा आमांदियो म्हणाला होता,
"कान वाजले तुझे. नीज."
किती नेमकं बोलला, त्यालाही कळलं नाही.
चार वर्षं झाली त्याला जाऊन.
भोंगा आहे.

भोंग्याच्या आधी नेहमी
काहीतरी चढतं छातीतून,
घशाशी येतं, आंबट,
व्हिनेगरच्या पिंपाचं झाकण सरकल्यासारखं.
मी कुणाला सांगितलं नाही.
पोटाचं पोटापाशी, कानाचं कानापाशी.

दवाखान्यातली किटेरिया,
माझ्या शेजारी डबे भरायची त्या झुल्मिराची नात,
तिने कागदावर काढून दाखवलं:
घसा, त्याच्या मागून एक बारीक बोळ,
बोळाच्या टोकाला कान.
"आम्ल इथवर पोचत असेल, आजी.
असेलच असं नाही.
चाळीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात काढलीत,
त्यानेही असेल.
दोन्हीही असेल."
एवढ्या वयात 'असेल' म्हणता येणारी पोर
मला आवडली.

उशाकडच्या पायांखाली दोन विटा.
सातनंतर काही खायचं नाही.
लोणच्यातला कांदा बंद, कॉफी बंद,
लाल वाइन... तिने माझ्याकडे पाहिलं...
अर्धा पेला, रविवारी.

विटा घरातच होत्या, कुंड्यांखाली.
कारखान्याची मागची भिंत पाडली
तेव्हा सगळ्याच बाया नेत होत्या, मीही आणल्या.
अजून तेलाचा वास येतो त्यांना,
की आता नाकही वाजायला लागलं माझं?

तेव्हापासून उतारावर निजते.
रात्रभर थोडी थोडी घसरते,
सकाळी पावलं पलंगाबाहेर,
आखूड होडीत झोपलेल्या माणसासारखी.

काल छातीत काही चढलं नाही.
तीनला जाग आली ती सवयीनं.
भोंगा होता. पण लांब,
नदीपलीकडच्या लेसातून आल्यासारखा,
दुसऱ्याच कुणाच्या कारखान्याचा.
आपापला भोंगा ओळखू यायचा आम्हाला,
झोपेतसुद्धा.

कुशीवर वळले.
म्हटलं, जाऊ देत त्या बाया,
आज पाळी त्यांची.