दुसरं टोक

पिरंगुटला, कारखान्यामागच्या रिकाम्या खाचरात
हिगा सानांनी तीन ट्रॉल्या पेंढा उतरवून घेतला,
इंद्रायणीचा, अजून वास न उडालेला.
मी दुभाषी. माझं काम बोल्ट, टॉर्क, रजेचे अर्ज.
त्या दिवशी माझ्या वाट्याला 'पीळ' आला.

लहू सकटांनी पायाच्या अंगठ्यात पेंढा धरला,
तळहातावर थुंकले, वळायला लागले.
हिगा सान म्हणाले, उलटा.
देवाच्या दोराला आमच्याकडं डावाच पीळ.
मी सांगितलं.
लहूदादांचे हात थांबले.
'बाई, डावा पीळ तिरडीच्या सुंभाला.
नीट विचारा त्यांना.'
मी नीट विचारलं, नीट सांगितलं.
दोघंही माझ्याकडंच बघत राहिले,
जणू मीच कुठंतरी उलटी वळले होते.

शेवटी दोन दोर झाले. एक उजवा, एक डावा,
मांडीएवढे जाड,
एकाचा फास दुसऱ्याच्या फासात
आणि मधे अडकवलेला बाभळीचा सोट.
त्यांच्या बेटावर एक दोर नर, एक मादी.
एवढं मी भाषांतरात गाळलं.
सुगंधाबाई म्हणाल्या, 'कळलं आम्हाला.'

पूर्वेला असेंब्लीची पोरं,
पश्चिमेला भातलावणीच्या बायका,
वर कँटीनचे दोघं, एक वॉचमन.
पश्चिम जिंकली तर पीक बरं, हिगा सान म्हणाले.
'आन् हरले त्यांचं?' लहूदादा.
बराच वेळ हिगा सान गप्प.
मग बोलले ते जसंच्या तसं:
आमच्या गावात आता एकोणीस माणसं.
दोर वळता येतो अजून.
दुसरं टोक धरायला कुणी नाही.

शिट्टी.
दोर कुरकुरला, ताठ झाला,
कुठंच गेला नाही.
टाचा भुईत, भुसा उन्हात उभा,
किती तरी वेळ काहीच घडत नव्हतं
आणि सगळे जीव तोडून तेच करत होते.
मग बायका तीन हात मागं सरल्या,
धपाधप ढेकळांवर बसल्या, हसत सुटल्या.

नंतर तुकडे. गोठ्याच्या दाराला,
मोटरसायकलच्या हँडलला, कुणाच्या डब्याच्या पिशवीत.
शेवटचा वावभर दोर उरला तेव्हा
हिगा सानांनी एक टोक लहूदादांकडं दिलं
आणि त्यांना येत असलेला एकच मराठी शब्द म्हणाले,
'ओढा.'

कापायचा विळा माझ्या हातात होता.
मी घाई केली नाही.