तरफ

बंदरानं माझ्या दोन बोटांचे दिले
अकरा हजार लारी.
हिशेब केला तर बोटामागे साडेपाच;
करंगळीला आणि शेजारणीला एकच भाव.

पैसे बँकेत पडले त्या आठवड्यात
फोनमध्ये चार दुकानं उघडली. चारही निळी.
चारही म्हणाली, ओतार, तुझी वेळ आली.

मी फोन घेऊन त्सिसानाकडे गेलो.
बतुमीच्या बाजारामागे तिची खिडकी,
पायाशी विजेची शेगडी,
काचेवर आकड्यांची पाटी:
डॉलर, युरो, तुर्की लिरा.

स्प्रेड म्हणजे काय, विचारलं.
तिनं पाटीवर बोट टेकवलं.
"हा माझा घ्यायचा भाव, हा विकायचा.
मधली ही फट दिसते?
तिच्यात माझ्या एलेनेचं शिक्षण झालं."

आणि पिप?
"भावातली लीख. दशांशानंतरचं चौथं घर.
एकटी असली तर जाणवत नाही.
लाखाच्या व्यवहारात मात्र
खाजवायला दहा बोटं पुरत नाहीत."
मग तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.
आम्ही दोघंही थोडा वेळ लिराकडे बघत राहिलो.

स्वॉप?
"सौदा रात्रभर उघडा ठेवलास तर खाटेचं भाडं.
कधीकधी तेच तुला देतात;
त्या भरवशावर चूल पेटवू नकोस."

मग मी तो शब्द वाचला:
लिव्हरेज, एकास पाचशे.
तिनं चष्मा काढला. "तरफ," म्हणाली,
"बाकीचं तू मला सांग."

आणि मला सांगता आलं.
पोलादी पहार, खाली लाकडाचा ठोकळा,
चार टनांची पेटी एका माणसाच्या वजनावर
इंचभर उठते, आणि तेवढ्यापुरतं
वाटतं, आपणच चार टनांचे.
ओझं किंचित घसरलं
की तीच पहार उलट येते,
तेवढ्याच पटीनं.
मार्जिन म्हणजे पेटीखाली राहिलेला हात.
मार्जिन कॉल म्हणजे वरून मुकादमाची हाक.
मला ती ऐकू आली होती.
हात निघायला वेळ लागला.

"दुकान कसं निवडू?"
"पाटी बघून नको, पाटी कुणीही रंगवतो.
परवान्याचा नंबर घे, देणाऱ्याच्या यादीत स्वतः शोध.
मग पन्नास डॉलर टाक,
आणि काहीही न करता परत माग.
घेताना सगळेच पाहुणचार करतात."

पहिल्याचा नंबर यादीत सापडला,
पण एका बुडालेल्या विमा कंपनीच्या नावावर.
दुसऱ्यानं पासपोर्ट मागितला, मग विजेचं बिल,
मग बिल हातात धरलेला फोटो.
फोटोत बोटं नीट दिसत नाहीत, म्हणाले, पुन्हा काढा.
तिसऱ्याकडून रॉबर्ट नावाच्या माणसाचा
मध गळणारा फोन: काढता कशाला?
शंभर टाका, बोनस शंभर आमचा.
बोनस काढता कधी येतो, विचारल्यावर
लाईन खराब झाली.
त्या शंभर डॉलरना मी शिकवणी म्हणतो.

चौथं दुकान कंटाळवाणं. ना बोनस, ना रॉबर्ट.
पहिल्याच पानावर लिहिलेलं,
इथे येणाऱ्या बहुतेकांचे पैसे बुडतात.
तिसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीस डॉलर साठ सेंट परत;
कापलेले एक चाळीस आधीच सांगितलेले.

"मग हेच. आता सांग, लिरा चढेल की पडेल?"
त्सिसाना इतकी हसली की काच धुरकटली.
"ते कळत असतं तर एकोणीस वर्षं
या शेगडीला पाय लावून बसले असते?"

चौथ्या दुकानात आता माझे दोनशे आहेत.
तरफ एकास एक.
स्टॉप-लॉसही लावलाय: पहार टाकून
कुठे उडी मारायची, ते आधीच खडूनं आखलेलं.
बाकीचे बँकेत झोपलेत, घोरतसुद्धा नाहीत.

रात्री लिरा हलतो.
मी पडद्याकडे हात नेतो,
आणि नसलेली दोन बोटं
आपोआप मागे सरतात.